सरांची एकेचाळीस माणसं: रंग का सुटला, मग काय केलं

गणपती उठल्यावर आठवड्याभरात सर अंड्यांचे दोन ट्रे घेऊन जिना चढून आले. ट्रेमध्ये अंडी नव्हती, माणसं होती. एका खळग्यात एक, उंची दोन इंचांहून जरा जास्त. "रंग काय टिकना नही रे भो," एवढंच म्हणून ते खुर्चीत बसले. सर मूळचे पारोळ्याकडचे. शाळेत मला चित्रकला शिकवायचे तेव्हा रागवायचे शुद्ध मराठीत, हळहळायचे अहिराणीत. आज हळहळ होती.

मी जळगावात बिल्डरांची आणि इंजिनिअरिंगच्या पोरांची मॉडेलं बनवतो. इमारती, पूल, कधी साखर कारखाना. माणसं माझ्या कामात मुंगीएवढी असतात, बाल्कनीत उभी करायची आणि विसरायची. त्यामुळे हे प्रकरण माझ्या रोजच्या धंद्याच्या थोडं बाहेरचं. तरी ते सविस्तर लिहून ठेवतोय, कारण एकाच ट्रेमध्ये तीन-चार वेगवेगळे रोग होते आणि सर सगळ्यांवर एकच औषध मागत होते: चांगला रंग कोणता?

देखावा रथाचा होता. जळगावचा श्रीरामाचा रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो. सरांनी सागवानी रथ स्वतः कोरलेला, त्यात खोट काढायला जागा नाही. गर्दी मात्र जमेल तशी जमवलेली. एकेचाळीसपैकी नऊ धातूची, मुंबईच्या चोरबाजारातून कधीतरी आणलेली जुनी खेळण्यातली शिपायांची पलटण. बंदुका कापून, हात वळवून त्यांचे बँडवाले केले होते. चौदा प्लास्टिकची, खेळण्यांच्या दुकानातल्या पाकिटांतली. ते दोर ओढणारे. उरलेली अठरा सरांनी स्वतः घडवलेली. मातीत नमुना, त्यावर सिलिकॉनचा दोन फाळ्यांचा साचा, त्यात रेझिन, म्हणजे बाटलीतून ओतायचं आणि गोठून कडक होणारं प्लास्टिक. टाळकरी, भालदार, आणि रथाच्या चाकाखाली लाकडी मोगरी, म्हणजे ठोकळा, लावणारे चौघं. मोगरीवाल्यांवर सरांचा विशेष जीव. रथ वळवायचा तो त्या मोगरीनेच.

धातू आणि प्लास्टिकवर मे महिन्यात राखाडी प्रायमरचा, म्हणजे रंगाला पकड देणाऱ्या खालच्या थराचा, स्प्रे मारून रंग दिला होता. रेझिनची माणसं श्रावणात ओतली आणि श्रावणातच रंगवली. भाद्रपद उजाडेपर्यंत बऱ्याच जणांचा रंग हातात येऊ लागला.

रंगाची बाटली कोणती हे मी विचारलंच नाही. आधी साधी सेलोटेप घेतली, प्रत्येकाच्या पाठीवर दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. टेपला काय चिकटून येतं ते पाहायचं. नुसता वरचा रंग आला तर भांडण रंगाचं आणि प्रायमरचं. प्रायमरसकट सगळं आलं तर भांडण अंगाशीच. रेझिनच्या माणसांचं उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसं अख्खं निघालं. खालचं अंग चकचकीत, बोट फिरवलं तर किंचित निसरडं. प्लास्टिकमधल्या काहींचं तसंच झालं. काहींचं मात्र टेपला काहीच आलं नाही, उलट टेपच चिकटून बसली, कारण चार महिन्यांनंतरही त्यांचा रंग ओलसर होता. धातूवरचा रंग सुटला नव्हता. तिथली तक्रार वेगळी: नाक, बटणं, पट्टे सगळं बुजलेलं, आणि तिघांच्या पायाशी पांढरी भुकटी. सरांना वाटलं चुना लागलाय.

म्हणजे एकाही ठिकाणी रंग दोषी नव्हता. अंग तयार नव्हतं.

बादली

प्लास्टिकपासून सुरुवात केली, कारण ते सगळ्यात फसवं. बघायला चौदाही जण सारखे, पण दोन पाकिटांतले. सरांची नात अकरावीला आहे, सायन्सला. ती सोबत आली होती. तिला म्हटलं, बादलीभर पाणी आण आणि सगळे त्यात टाक. आठ जण तरंगले, सहा बुडाले. ती क्षणभर बघत राहिली, मग म्हणाली, "काका, म्हणजे घनता." बरोबर. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, तरंगतं. पीव्हीसी जड, ते बुडतं. सुटे भाग जोडून बनवायच्या मॉडेलच्या पाकिटात येणारं कडक पॉलिस्टायरीनही बुडतं, पण ते वाकवलं तर कट्‌कन मोडतं; हे सहा जण रबरासारखे वाकत होते, तेव्हा मऊ पीव्हीसीच.

पॉलिथिलीन म्हणजे दुधाच्या पिशवीची जात. तिच्यावर काही चिकटत नाही, फेविक्विकसुद्धा नखाने निघतं. धुतलं, घासलं, तरी साधा प्रायमर तिथे नुसता पांघरलेला राहतो. मऊ पीव्हीसीचं उलटं. त्याला मऊ ठेवण्यासाठी जे तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं ते हळूहळू वर येतं, शिवाय स्प्रेमधलं थिनर वरचा थर आणखी सैल करतं. मग रंग वाळतच नाही. सरांनी दोघांनाही एकाच दुपारी, एकाच डब्यातून स्प्रे मारला होता.

जुना रंग काढायला आम्ही डेटॉल वापरलं. औषधाच्या दुकानातलं तपकिरी, पाणी न घालता, झाकणाच्या काचेच्या बरणीत माणसं बुडतील इतकं. थिनर प्लास्टिकला खातं, म्हणून ते जवळही आणलं नाही. एक दिवस मुरू दिल्यावर जुन्या टूथब्रशने रंग निघून येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी: घासणं आणि पहिली विसळणी डेटॉलमध्येच करायची. थेट नळाखाली धरलं की सुटलेला रंग डिंकासारखा होऊन परत बसतो. हे मी सांगितलं होतं तरी नातीने दोघांना नळाखाली धरलंच. मग त्या दोघांची पुन्हा बरणी. साबणाचं पाणी शेवटी.

प्लास्टिकची शिवण काढताना पॉलिश पेपर लावला की संपलं. (साच्याच्या दोन फाळ्यांची रेघ अंगावर उमटते, तिला आम्ही शिवण म्हणतो, फाळ्यांच्या फटीतून बाहेर आलेला पातळ भाग तो पापुद्रा.) मऊ प्लास्टिक घासलं की त्याला पिसं फुटतात आणि ती रंगाखाली दिसतात. नवं कोरं ब्लेड घेऊन पापुद्रा एका ओढीत कापायचा. थोडं उरलं तर ब्लेडची पाठ मेणबत्तीवर जेमतेम गरम करून ती टेकवायची, वितळवायचं नाही. हे काम खिडकी उघडी ठेवून.

मग आठ तरंगणाऱ्यांना गाड्या रंगवणाऱ्याकडून आणलेला पीपी प्रायमर दिला. मोटारींचे बंपर तरंगणाऱ्याच घराण्यातल्या प्लास्टिकचे असतात, त्यांच्यावर रंग धरावा म्हणून गॅरेजवाले आधी हा पातळ पारदर्शक हात मारतात. आमच्या गावातले मॉडेलवाले हे विसरतात आणि नको तिकडून महागडं काहीतरी मागवतात. बुडालेल्या सहांना स्प्रे पूर्ण बंद. त्यांना सरांच्याच कपाटातला अ‍ॅक्रिलिक जेसो (चित्राआधी कॅनव्हासला लावायचा लेप) पातळ करून ब्रशने दोनदा दिला. सहातले पाच सुधारले.

धातू

त्या नऊ जणांकडे जरा अदबीने बघावं लागतं. खेळण्यातले पोकळ शिपाई इंग्लंडात १८९३ पासून निघू लागले. साच्यात धातू ओतून, बाहेरची कवची गोठली की आतला पातळ धातू परत ओतून टाकायचा. धातू वाचतो, वजन घटतं. आमच्यातले पाच पोकळ होते, डोक्यात बारीक भोक. कुठल्या कारखान्याचे ते कळण्यासारखं काही नव्हतं. धातू कसला आहे ते बघायला बुडाची कड कोऱ्या कागदावर ओढली. शिसपेन्सिलीसारखी राखाडी रेघ उठली. शिसं.

हे कळल्यावर कामाची पद्धत बदलली. नातीला बाजूला बसवलं. कोरडं घासणं नाही, फुंकर मारणं नाही, चहाचा कप टेबलावर नाही. घासायचं ते ओलं, रद्दी कागदावर, आणि तो कागद गुंडाळून वेगळ्या पिशवीत. पांढरी भुकटी चुना नव्हती. शिसं लाकडाच्या, पुठ्ठ्याच्या बंद पेटीत वर्षानुवर्षं राहिलं की लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ते हळूहळू फुलतं, आणि ती भुकटी शिशाचीच, विषारी. सरांनी पलटण प्लायवूडच्या कपाटात ठेवली होती, आणि माझ्याकडे आणली ती पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेत! हातमोजे घालून, पाण्याखाली धरून भुकटी काढली. दोघांचं अंग खाली शाबूत निघालं. तिसऱ्याचा एक पाय खरवडला तसा खडूसारखा ढासळला. त्याला देखाव्यातून वगळलं.

रंग काढताना डेटॉलने वरचे दोन थर गेले, तळचा तेलरंग हलला नाही. धातूला गाडीच्या रंगात घालायच्या एनसी थिनरचं भय नाही, तेव्हा गच्चीवर, विस्तवापासून लांब, काचेच्या बरणीत रात्रभर ठेवले. सकाळी रंग गेला होता आणि बँडवाल्यांचे हातही गेले होते. सरांनी वळवलेले हात फेविक्विकने चिकटवले होते आणि थिनर फेविक्विकलाही सोडवतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. सात हात बरणीच्या तळाशी.

त्यातून फायदा एकच झाला, हात नीट बसवता आले. जळगावला सोन्याचं गाव म्हणतात, त्यामुळे सराफ बाजाराच्या आसपास बारीक अवजारांची ददात नाही. सोनारांच्या बारीक कानसांचा संच तिथलाच. ०.८ मिलिमीटरचं ड्रिल मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, सर्किट बोर्डाला भोकं पाडायचं. खांद्यात भोक, हातात भोक, मध्ये पितळी तार, मग चिकटवायचं. घन शिपायांत हे सोपं. पोकळ शिपायाची भिंत किती पातळ आहे ते भोक पाडल्यावरच कळतं. एकाच्या छातीत ड्रिल घुसलं ते पोकळीत जाऊन लोंबायला लागलं. तिथे आत एम-सीलची गोळी कोंबली, ती कडक झाल्यावर तिच्यातच तार रोवली.

धातूची शेवटची धुणी रिठ्याच्या पाण्याने केली. सोनार दागिने त्यानेच धुतात, मऊ ब्रशने, आणि खाचेतला मळ काढायला त्याच्याइतकं निरुपद्रवी काही मला माहीत नाही. सरांना हे एवढं आवडलं की उरलेल्या पाण्यात त्यांनी चष्मा धुतला. शिसं धुतलेल्या पाण्यात. मी ओरडलो तेव्हा शाळेतली जागा उलटी झाल्यासारखं वाटलं.

मोगरीवाले

खरा वेळ गेला तो रेझिनवर. अठरा माणसं आणि जवळपास तीन आठवड्यांच्या संध्याकाळी.

साल निघण्याचं कारण सरांनीच सांगितलं, त्यांना ते कारण वाटत नव्हतं इतकंच. साच्याचा पहिला फाळा तयार झाल्यावर त्यावर दुसरा ओतताना सिलिकॉनला सिलिकॉन चिकटू नये म्हणून त्यांनी मध्ये व्हॅसलीन फासलं होतं. ते करावंच लागतं. पण साचा उघडल्यावर ते पुसलं नाही, आणि पुढच्या प्रत्येक माणसाच्या अंगाला ते थोडं थोडं लागत गेलं. ओतलेलं माणूस साच्यातून काढून सर थेट रंगवायला बसायचे. आंघोळच नाही! कोमट पाणी, भांड्याचा साबण, टूथब्रश, आणि बगला, मांड्या, धोतराच्या निऱ्या यांत खास घासणं. आम्ही दोनदा धुतलं. पाणी अंगावर थेंब थेंब होऊन न राहता सारखं पसरलं की चिकटा गेला असं समजावं. त्यानंतर हात लावायचा नाही. बोटांचं तेलही पुरतं. प्रत्येकाला औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवलं आणि झाकण धरून पुढचं काम केलं.

चारही मोगरीवाल्यांच्या गालांवर देवीच्या व्रणांसारखी बारीक भोकं होती. सर म्हणाले ओतताना हवा अडकली. हवा असती तर मोठे, मोजके फुगे असते. ही भोकं शेकड्यांनी होती. हे रेझिन पॉलियुरेथेनचं, त्याच्या एका बाटलीतल्या रसायनाला पाण्याची ओढ असते; दमट हवेतला ओलावा मिळाला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि माल पावासारखा फुगतो. सरांनी बाटली आषाढात फोडली, अर्धी तशीच ठेवली आणि श्रावणातल्या झडीत उरलेली ओतली. मेमध्ये ओतली असती तर ही भोकं आली नसती, आमच्याकडे त्या महिन्यात हवेत ओल औषधालाही नसते.

भोकं बुजवायला गाडीवाल्यांची एनसी पुट्टी, टूथपिकच्या टोकाने. ती वाळताना आक्रसते, म्हणून दोन हात. मोठ्या खळग्यांना फेविक्विक आणि वर चिमूटभर खाण्याचा सोडा, लगेच दगड होतो. पण तो रेझिनपेक्षा टणक, त्यामुळे घासताना भोवतालचं रेझिन झिजतं आणि सोड्याचा उंचवटा तसाच राहतो. चेहऱ्यावर सोडा वापरू नये, हे मी एका टाळकऱ्याचा गाल बसवल्यावर शिकलो.

घासायला ६०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, ओला, पाण्याच्या ताटलीत बुडवत. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसात जाता कामा नये. ओलं असूनही मास्क लावला.

दोघा भालदारांचे भाले गाडीत ठेवल्याने कढीपत्त्याच्या देठासारखे वाकले होते. बंद गाडी, खानदेशातली दुपार, रेझिन मऊ पडणारच. ते सरळ करायलाही उष्णताच लागते. चहापेक्षा कमी गरम पाण्यात अर्धा मिनिट धरले, बोटांनी सरळ केले आणि तसेच थंड पाण्यात बुडवले. मग ते सरळ राहतात.

आता माझी चूक. शिवण काढायची तर ब्लेडच्या पाठीने, अंगाला तिरपी धरून, हलक्या ओढीने खरवडायची. रेझिनवर ते सुंदर होतं. पहिल्या मोगरीवाल्याची शिवण कानाच्या मागून फेट्यावर चढत होती. मला ती दिसेनाशी व्हायला हवी होती, म्हणून खरवडत राहिलो. शिवण गेली. तिच्याबरोबर फेट्याचे तीन पीळ गेले, डोक्यावर गुळगुळीत कांदा उरला. सरांनी तो हातात घेतला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एम-सीलची वळी लाटून त्यांनी पीळ पुन्हा बसवले, ओल्या सुईने. माझ्यापेक्षा चांगले झाले, मूळच्यापेक्षाही.

त्यानंतर आम्ही ठरवलं की शिवण जिथे कापडावरून जाते तिथे ती काढायची नाही, तिची घडी करायची. फेट्याच्या पिळाच्या दिशेने एक-दोन ओरखडे दिले की रेघ पिळातच मिसळते. गालावर, दंडावर, पोटरीवर मात्र पूर्ण काढायची, कारण उघड्या अंगाला शिवण नसते. शिवणीचं हे दुहेरी धोरण मला कुणी शिकवलं नव्हतं आणि आता ते मी इमारतींच्या मॉडेलमध्येही वापरतो.

सगळं झालं असं वाटल्यावर पहिला पातळ राखाडी हात मारला. पांढऱ्या रेझिनवर न दिसलेल्या सतरा जागा त्या राखाडीत उघड्या पडल्या: कोपराखाली अर्धी शिवण, हनुवटीवर पुट्टीची कड, एकाच्या पाठीवर माझ्याच बोटाचा ठसा. टॉर्च बाजूने धरला तर आणखी चार. त्या दुरुस्त करून दुसरा हात. ज्याला वेळ वाचवायचा आहे तो हा पहिला हात वाळल्यावर थेट रंगाकडे जातो, आणि मग ती शिवण दरवर्षी त्याच्याकडे बघते.

स्प्रेची वेळ सांभाळली. सरांनी मेमध्ये दुपारी गच्चीवर मारला होता, पारा पंचेचाळिसाच्या आसपास. थेंब अंगावर पोहोचायच्या आत हवेतच वाळले आणि रव्यासारखे बसले. धातूच्या माणसांचा तपशील बुजायला जुन्या थरांइतकाच तो रवा कारण होता. श्रावणात उलटं, ओल्या हवेत पांढुरकी झाक. आम्ही ऑक्टोबरात सकाळी आठ-साडेआठला, डबा सावलीत ठेवलेला, वीतभर अंतरावरून, माणसाच्या बाहेरून सुरू करून माणसाच्या बाहेर संपवत, निसटते हात दिले.

दोन दिवसांनी सर सेलोटेप घेऊन आले. मी नको म्हणत असताना मोगरीवाल्याच्या पाठीवर, फेट्यावर आणि बुडाशी दाबून ओढली. टेप कोरी आली. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आते रंगाडू."

एकादशीला देखावा सरांच्या ओसरीत मांडला होता. एकेचाळीसमधले चाळीस. पाय ढासळलेला बँडवाला झाकणाच्या काचेच्या बरणीत वेगळा. बुडालेल्यांतला सहावा अजून चिकट आहे. त्याला जेसोही मानवला नाही, बोट लावलं तर ठसा उठतो. त्याला दोराच्या शेवटच्या टोकाशी, रथाच्या मागच्या चाकाआड उभा केला आहे, आणि नातीने मुलांना तिकडून फिरकू द्यायचं नाही असं ठरवलं आहे.